बिनपट्ट्याची पर्स

समस्त पर्सधारक भगिनींना, त्यांच्या पर्समध्ये आपल्या चाव्या, चष्मे आणि पित्ताच्या गोळ्या टाकून मोकळ्या हातांनी हिंडणाऱ्या त्यांच्या पतिराजांना आणि इतर सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, अठ्ठावीस वर्षं बॅगा शिवल्यानंतर, आणि त्याहून जास्त उसवल्यानंतर, मी एका अत्यंत गंभीर निष्कर्षाला पोहोचले आहे. तो असा : माणसाला हात दोनच असतात. कृपया नोंद घ्यावी.

हसू नका. मोठमोठ्या पर्सवाल्यांना ही गोष्ट अजून कळलेली नाही. कळली असती तर त्यांनी क्लच नावाची वस्तू बाजारात आणली नसती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्लच म्हणजे बिनपट्ट्याची चपटी पर्स. ती खांद्याला लटकत नाही, मनगटात अडकत नाही. हातात धरायची आणि धरूनच ठेवायची. म्हणजे दोनातला एक हात गेला. उरलेल्या एका हातात तुम्ही संसार करा.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला. म्हणाल्या, "हेमाताई, डिझायनर क्लच रोजच्या आयुष्यात वापरता येते का, यावर काहीतरी हलकंफुलकं लिहा. तुमचा धंदा तोच, शिवाय तुम्ही बोलता किती छान." छान बोलते मी, हे खरं आहे. दुकानात कामापेक्षा माझं बोलणं ऐकायला येणारी माणसं जास्त. त्या छान बोलण्याने एकदा काय केलं ते सांगणार आहे. हलकंफुलकं किती होईल, ते मात्र मला माहीत नाही.

माझं दुकान डहाणूला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. आठ बाय दहा. एक मशीन, एक बाकडं आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले पट्टे, कड्या, चेनी. दुकान सासऱ्यांचं. माझ्या हातात सुई देताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, पर्स आतून बघायची, पण आत जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. दुसरी, रिकामी पर्स गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायची नाही, अपशकुन असतो. ते स्वतः तांदळाचे चार दाणे टाकायचे. मी चिकूची चकती टाकते. आमच्या घोलवडला चिकू वाळवून चकत्या करतात, त्यातली एक, बटर पेपरच्या इवल्याशा पुडीत. बहुतेक गिऱ्हाइकं माझ्या पायरीवरच पर्स उघडतात, पुडी सोडतात, चकती तोंडात टाकतात आणि पुडीचा कागद माझ्याच दारात टाकून चालू लागतात. मी सांगणार आहे त्या दिवसापर्यंत एकीनेही चकती घरी नेलेली मी पाहिली नव्हती.

आता धंद्यातलं थोडं. महागातली महाग क्लच मी उसवलेली आहे. आत पुठ्ठा असतो, पुठ्ठ्यावर फोमचा पापुद्रा, वर कापड नाहीतर रेक्झिन आणि पोटात साटिनचं अस्तर. नाव बाहेर, पुठ्ठा आत. ती आधी कोपऱ्यात झिजते, मग घडीत फाटते, मग तिची टिचकी, म्हणजे दाबून बंद करायचं बटण, ढिली होते. पण रोज हातात राहिलेल्या क्लचवर आणखी एक खूण उमटते. जिथे अंगठा टेकतो तिथे एक डाग पडतो. तुपाचा, पावडरीचा, मासळीचा, शाईचा, ज्या त्या बाईच्या आयुष्याचा. तो डाग काढून द्या म्हणून बायका येतात. मी काढून देते, पण मला मनातून तो आवडतो.

बोर्डीच्या भावनावहिनी तशाच आल्या होत्या. त्यांची चिकूची मोठी वाडी आहे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती आणि पूर्ण खणखणीत. मुंबईच्या नणंदेने त्यांना साईच्या रंगाची डिझायनर क्लच दिली आणि वर टोमणा मारला की, तुझ्याकडे ती कपाटातच पडून राहणार. झालं. वहिनींनी दुसऱ्या दिवशी क्लच घेऊन मासळीबाजार गाठला. एका हातात पिशवी, एका कानाला मोबाइल आणि क्लच काखेत. पापलेट दाखवायला हात वर केला, तशी क्लच सुटली ती थेट धाकट्या डहाणूच्या, म्हणजे शेजारच्या कोळीगावच्या, जनाबाईंच्या पाटीत, ओल्या बोंबलांच्या अंगावर.

"हेमाबेन, वास काढून द्या," वहिनी म्हणाल्या. मी सोडा लावला, ऊन दिलं, कापूर घातला. रंग तेवढा बदलला. वास अजून आहे.

गंमत म्हणजे त्यांच्या मागोमाग जनाबाईही रिकामी पाटी घेऊन दुकानात आल्या आणि बाकड्यावर बसल्या. जनाबाई साठीच्या आहेत. मासळी विकून परत जाताना माझ्याकडे चहा घ्यायचा आणि माझ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवायची, हा त्यांचा नेम. त्यांनी ती क्लच हातात घेऊन उलटीपालटी केली.

"पट्टा कुठे हाय गो हिचा?"

"पट्टा नसतोच हिला."

"मग ही पर्स नाय, साबणाची डबी. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, हातात कोयता. मग ही काय दातात धरायची?"

वहिनीसुद्धा हसून हसून खाली बसल्या. हा किस्सा मी पुढे किती वर्षं साभिनय सादर केला, विचारू नका. मापाची टेप पदरासारखी खांद्यावर टाकायची, पट्टी काखेत धरायची, आणि बोंबील झाल्यावर जमिनीवर पडायचंसुद्धा. त्या किश्शाने मला नाव मिळवून दिलं. दुकानात माणसं असली की माझ्या अंगात काहीतरी यायचं. हे मी कौतुकाने सांगत नाही.

रमिला आली तेव्हा दुकानात माणसं होती.

दिवाळी होऊन गेली होती, सकाळचा गारवा होता. तिशीच्या आतबाहेरची एक बाई पायरीखाली उभी होती, मी बोलावेपर्यंत वर आली नाही. तलासरीच्या पुढे डोंगराकडेला तिचा पाडा. घोलवडला चिकूच्या पॅकिंगला यायची. त्या दिवशी अर्धी रजा टाकून जीपने डहाणूला आली होती. तिने टॉवेलात बांधलेलं काहीतरी सोडलं आणि माझ्या मशीनवर ठेवलं.

"बटण तुटलंय, ताई."

मी बघितलं आणि ती उचलून दिव्याखाली धरली. ती मोत्यांची क्लच होती. बारीक काचमण्यांची, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली. पांढऱ्यावर निळ्या लाटा, एकीला लागून एक. शेवटच्या दोन ओळी मात्र हिरव्या, कारण निळे मणी संपले असणार. कड इतकी सरळ की पट्टी ठेवून बघावी. टिचकीच्या जागी शर्टाचं साधं पांढरं बटण, तेच सुटलं होतं. कुठे नाव नाही, शिक्का नाही. आत पुठ्ठासुद्धा नाही, नुसतं पातळ अस्तर, मण्यांच्या विणीनेच ती ताठ उभी होती.

"कुठून घेतलीस?"

"घेतली नाय. नवऱ्याने बनवली."

"कुठे असतो तो?"

"पलीकडच्या जेलात."

आमच्याकडच्या माणसाला एवढं पुरतं, बाहेरच्यांसाठी सांगते. पाऊस संपला की तलासरी-डहाणूकडचे कितीतरी पुरुष गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून जातात. भातकापणीवर घर भागत नाही, म्हणून दुसऱ्याच्या बोटीवर आठ महिने पाण्यावर. डोंगरातली माणसं, समुद्र त्यांचा नव्हे. आणि समुद्रात देशांच्या हद्दीची रेघ मारलेली नसते. मासळीच्या मागे बोट पुढे जाते, पलीकडचे धरतात आणि मग माणूस वर्षानुवर्षं परत येत नाही. रमिलाचा नवरा नवसू असा तीन वर्षांपूर्वी धरला गेला होता. तिथे काही जण मण्यांचं काम शिकतात. थोडे जण सुटून आले, त्यात शेजारच्या पाड्यावरचा एक होता. त्याने शर्टाच्या आत धरून ही पर्स आणली आणि सोबत नवसूचा निरोप आणला.

"काय निरोप?" हे मी विचारलं. भावनावहिनी बाकड्यावर पुढे सरकल्या. जनाबाई चहा ओतता ओतता थांबल्या.

रमिला पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मी सगळं पेटीत ठेवते. लग्नातलं लुगडं पण पेटीतच हाय. तो चिडवायचा त्यावरून. तर बोलला, तिला सांग, ही पेटीत घालू नको. रोज वापर. मी येईपर्यंत जुनी करून ठेव." मग मान वर करून मला म्हणाली, "म्हणून पट्टा लावा हिला. चिकू निवडायला दोन हात लागतात. पट्टा असला तर अंगावर राहील."

तिचं मागणं एवढंच होतं. नवरा परत येईल तेव्हा पर्स जुनी दिसली पाहिजे.

पट्टा लावता आला असता. हे आधीच कबूल करते. अस्तराच्या आतून चामड्याची पट्टी घालून तिच्यावर दोन कड्या बसवल्या असत्या, तर मण्यांना धक्का लागला नसता. दोन तासांचं काम. पण मला त्या पर्सला सुई लावायची नव्हती. अठ्ठावीस वर्षांत माझ्या मशीनवर आलेली ती सगळ्यात सुंदर वस्तू होती. आणि समोर माणसं बसलेली होती.

मी उभी राहिले. टेप खांद्यावर टाकली. पर्स दोन्ही तळहातांवर धरली आणि सुरू केलं. "अगं, तुला माहीत तरी आहे का हे काय आहे? हिला डिझायनर क्लच म्हणतात. मुंबईत बायका ही फक्त लग्नाला काढतात, आणि तीसुद्धा जेवायच्या आधी परत ठेवतात. भावनावहिनींची बघ, बोंबलात जाऊन आली. ही तू पॅकिंगला नेणार? चिकूच्या चिकात? जीपच्या गर्दीत? एक दोरा तुटला की सगळे मणी रस्त्याला." मी चालले, वळले, मणी रस्त्याला कसे जातात ते बोटांनी दाखवलं.

"पण तो बोलला, रोज..."

"पुरुषांना काय कळतं पर्समधलं? त्यांना खिसे असतात." हशा आला. मला आणखी चेव चढला. "तू असं कर. नीट ठेव. सारखी उघडू नकोस, बटणावर ताण येतो. आणि तो आला ना, की नवीकोरी त्याच्या हातात दे. बघ कसा खूश होतो."

भावनावहिनी म्हणाल्या, "साचं छे, हेमाबेन. एवढी सरस चीज, रोज थोडीच वापरायची."

जनाबाई एकट्या हसल्या नव्हत्या. बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लाव ना गो पट्टा. ती मागते तर लाव."

"जनाबाई, तुम्ही मासळी बघा, मी पर्स बघते."

यावरही हसले लोक.

बटण बसवायला मी पितळी, नक्षीचं काढलं होतं. रमिला म्हणाली, "तेच लावा." शर्टाचंच. ते मी पक्क्या दोऱ्याने, चारदा गाठ मारून लावलं. पर्सच्या पोटात चकतीची पुडी ठेवली, बटण लावलं आणि तिच्या हातात दिली. तिने ती पायरीवर उघडली नाही. टॉवेलात बांधली, पोटाशी धरली आणि जीपच्या दिशेने गेली. मी तिला मागून ओरडून सांगितलं, "उन्हात ठेवू नकोस गं." मला वाटलं, काय शहाणा सल्ला दिला आपण.

त्यानंतर ती अधूनमधून बाजारात दिसायची. हातात प्लास्टिकची पिशवी. मी विचारायचे, "काय गं, आहे ना नीट?" ती हसून मान डोलवायची. "पेटीत हाय." एकदा म्हणाली, "यादी येणार म्हणतात." सुटणाऱ्यांची यादी. ती आली, पण त्यात तो नव्हता. मीही तेव्हा म्हटलं, "पुढच्या यादीत असेल." याला आधार काही नव्हता. पट्टे विकणारी बाई याद्यांबद्दल बोलत होती.

पुढचा पावसाळा सरत आला असताना जनाबाई दुकानात आल्या आणि बसल्या नाहीत. समुद्रावरची बातमी धाकट्या डहाणूला आधी पोचते.

"तुझी ती मोत्यांची पर्स आठवते?" त्या म्हणाल्या.

"हो. का?"

"तिचा नवरा गेला. तिकडेच. आजारी होता म्हणतात."

मी मशीन थांबवलं नाही, एवढं आठवतं. शिवण कुठल्या कुठे गेली होती.

त्याला घरी आणायला महिना उलटून गेला. मी पाड्यावर गेले नाही. जाऊन काय बोलणार होते? जनाबाई गेल्या होत्या. परत आल्यावर त्या नेहमीच्या बाकड्यावर येऊन बसल्या. त्या दिवशी चहा तसाच निवला.

आता मधला भाग गाळून शेवटचं आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकून राहणार नाही. पट्टा मी लावला. तपकिरी चामड्याचा, अंगावरून आडवा जाईल असा लांब. रमिला आता ती पर्स रोज वापरते. घोलवडच्या जीपमध्ये, पॅकिंगच्या शेडमध्ये, रेशनच्या रांगेत. मी स्वतः पाहिलं आहे, दोन्ही हातांनी चिकू फिरवते आणि पर्स कमरेवर हलत असते. हिरव्या ओळींतले मणी आधी गेले. ती महिन्याकाठी येते, मी नवे ओवते. तो हिरवा मला मिळत नाही, जरा फिका मिळतो, आणि ते दिसतं. बटणाजवळ चिकाचा एक तपकिरी डाग पडला आहे, बरोबर अंगठ्याच्या मापाचा. तो काढून द्या असं ती कधी म्हणाली नाही.

तर संपादकबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : डिझायनर क्लच रोजच्या आयुष्याला चालते का? चालते. पट्टा लावला की चालते. आणि नाही लावला, तरी हातात धरून, काखेत मारून, बोंबलात पाडून वापरावी. भावनावहिनींना मी हल्ली हेच सांगते आणि तो किस्सा आता करत नाही. कोणी आग्रह केला तर बसल्या बसल्या सांगते. टेप खिळ्यावरच असते.

पण मधलं गाळलं, ते राहिलं.

पट्टा लावायला रमिला आली तो दिवस. दुकानात पुन्हा माणसं होती. भावनावहिनी चेन बदलायला आल्या होत्या, जनाबाई त्यांच्या जागेवर होत्या. रमिला या वेळी पायरीखाली थांबली नाही, सरळ वर आली. कपाळ मोकळं, चेहरा सुकलेला. तिने टॉवेल सोडला. पर्सबरोबर कडुलिंबाचा वाळलेला पाला मशीनवर सांडला. पेटीत कसर लागू नये म्हणून घातलेला.

"पट्टा लावा आता," ती म्हणाली.

मी पर्स हातात घेतली. हात आपोआप कामाला लागले, त्यांना दुसरं काही येत नाही. कोपरे बघितले. घडी बघितली. अंगठ्याची जागा बघितली. कुठेच काही नव्हतं. पांढरा पांढराच होता, एक मणी हललेला नव्हता. शर्टाच्या बटणावर मी मारलेल्या चार गाठी तशाच घट्ट होत्या. पट्टी घालायला अस्तर उचलावं लागणार, म्हणून बटण सोडवून मी पर्स उघडली.

आत माझी पुडी होती. बटर पेपरची घडी, मी घातली तशी. सोडून बघितली, तर चकती काळी पडून लाकडासारखी झाली होती.

गप्प बसायची सवय नाही, म्हणून तोंडातून निघून गेलं, "अगं, ही खाल्ली नाहीस तू?"

रमिलाने चकतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत सांगितलेलं काम नीट करून आलेल्या मुलीसारखी ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"उघडलीच नाय ना ताई. तुम्ही बोललात, तो येईपर्यंत नवी ठेव."